उलट्या गाठीचा तांडेल

दामू तांडेल जाऊन आता बरेच दिवस झाले. माणूस गेला की त्याच्यावरचा राग उतरतो, असं लोक म्हणतात. माझा उतरलेला नाही. सकाळी चहा घ्यायला बसलो की समोर त्याची ओटी दिसते आणि मी इथून एकटाच त्याच्याशी भांडत बसतो. शेवटी माझी सून रेखा, म्हणजे त्याचीच मुलगी, मला म्हणाली, मामा, हे सगळं एकदा लिहून काढा, म्हणजे घरात जरा शांतता होईल. मी चौथी पास नाही, चौथीत बसलो होतो. पण मला लिहिता येतं. मी जे लिहीन ते कुणी सुधारायचं नाही, हे मी तिला आधीच सांगून ठेवलंय.

आमचं गाव पालघरच्या किनाऱ्यावरचं मुरबे. मी दामूच्या बोटीवर ड्रायव्हर होतो, म्हणजे इंजिन माझ्याकडे. सुकाणू आणि बाकी सगळी बोट तांडेलाच्या हातात. अर्धं आयुष्य त्याच्याबरोबर पाण्यात काढलं. मग माझ्या मुलानं त्याच्या मुलीशी लग्न केलं आणि आम्ही व्याही झालो. माझ्या बायकोनं दोघांना बसवून बजावलं होतं, की आता एकमेकांना व्याही म्हणायचं आणि तुमी-आमी करून बोलायचं. दामूनं ते जेवणाची पंगत उठेपर्यंत पाळलं. हात धुताना मला म्हणाला, "ड्रायव्हर, तांब्या दे." मरेपर्यंत मी त्याचा ड्रायव्हरच राहिलो. घरात, देवळात, हॉस्पिटलात, सगळीकडे ड्रायव्हर. मीही त्याला कधी तांडेल सोडून दुसरं काही म्हटलं नाही.

त्याला सरळ प्रश्न विचारायची सोय नव्हती. तांडेल, उद्या निघायचं का? "मंग तू सांग." तांडेल, वारा फिरलाय का? "मंग?" तांडेल, जेवलास का? यावर तो आपल्या पोटाकडं बघायचा आणि मग माझ्या पोटाकडं, जणू उत्तर दोघांपैकी एकाजवळ आहे. उत्तर त्याला ठाऊक असायचं. ते दुसऱ्याच्या तोंडातून काढून घेईपर्यंत त्याला चैन पडायचं नाही, आणि काढून घेतलं की म्हणायचा, चूक.

आणि जाळं. जाळ्याबद्दल लिहायला बसलो तर माझं डोकं अजून तापतं. आमच्याकडं जाळं फाटलं की बोटीवरचा कुणीही सुई-दोरा घेऊन बसतो आणि भोक बुजवून टाकतो. दामूच्या बोटीवर तसं चालायचं नाही. एकदा पापलेटच्या ऐन हंगामात जाळं खडकाला घासून फाटलं. तो सुकाणूवर होता, म्हणून मी बसून हातभर जागा शिवली. चांगली शिवली होती. त्यानं येऊन बघितलं, कमरेचा चाकू काढला आणि माझी एकेक गाठ कापून टाकली. पुन्हा पहिल्यापासून स्वतः विणायला बसला. बाजूच्या बोटींनी जाळी टाकली, ओढली, भरली, आणि आम्ही सगळे खलाशी त्याच्या हाताकडं बघत बसलो. मी म्हटलं, तांडेल, माझ्या गाठीला काय झालं होतं? म्हणाला, "माज्या जाळ्यात दुसऱ्याची गाठ नाय चालत."

खरं कारण सगळ्या किनाऱ्याला माहीत होतं. दामू डावरा होता. सुई तो डाव्या हातानं चालवायचा, त्यामुळं त्याची गाठ आमच्या गाठीच्या उलट बसायची. आमची दोऱ्याची शेपटी या बाजूला, तर त्याची त्या बाजूला. दोन्ही गाठी सारख्याच घट्ट. पण त्याच्या जाळ्यात आमची एक गाठ आली की ओळीत बसलेल्या माणसांत एकानंच पाठ फिरवून बसावं, तशी ती दिसायची. एकदा त्याच्या जाळ्याचा तुकडा वादळात तुटून गेला होता. तो पार माहीमच्या किनाऱ्याला लागला. तिथल्या एका म्हाताऱ्यानं तो उचलला, गाठ बघितली आणि मुरब्याला जाणाऱ्या पहिल्या माणसाच्या हाती देऊन पाठवला. नाव सांगितलं नाही. उलट्या गाठीवाल्याचं हाय, एवढंच सांगितलं. ते ऐकून दामूला आनंद व्हायला पाहिजे होता. त्यानं तुकडा घेतला, आत गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही.

कारण डाव्या हाताची गोष्ट त्याच्यासमोर कुणी काढायची नसे. लहानपणी त्याची आई जेवायला बसवताना त्याचा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीनं कमरेला बांधायची. तो उजव्यानं जेवायला शिकला. पण जाळं विणताना तो हात कुणी बांधला नाही, कारण विणलेलं जाळं फार सुरेख व्हायचं आणि त्यावर घर चालायचं. म्हणजे चार लोकांत उजवा आणि ओटीवर डावा, अशी त्याची वाटणी झाली होती.

मग नारळाचं झालं. आमच्याकडं नारळी पुनवेला गावातला मानाचा तांडेल खाडीच्या तोंडाशी उभा राहून दर्याला नारळ सोडतो. तो मान दामूकडं आला तेव्हा तो तरणा होता. बोटी सजलेल्या, ढोल वाजतायत, बाया गातायत, आणि त्या गडबडीत त्यानं नारळ डाव्या हातानं फेकला. झोकात फेकला. पण त्या हंगामात मासळी कमी आली. मग पाण्याच्या नळावर, बर्फाच्या कारखान्यावर, बोंबील वाळत घालताना लोक हळूच बोलायला लागले, की दर्याला डाव्या हाताचं देणं पोचलं नाही. त्याच्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण त्याला कळलं. पुढच्या पुनवेच्या आधी कित्येक दिवस तो बंदराच्या मागल्या बाजूला जाऊन, आडोशाला उभा राहून उजव्या हातानं खाडीत दगड फेकत होता. हे त्याची बायको हिराबाय हिनं माझ्या बायकोला सांगितलं. मी विचारलं तर दामू म्हणाला, "दगड खाडीतले, हात माजा. तुजं काय जातंय?"

तेव्हापासून दर वर्षी नारळ उजव्या हातानं. तो हात त्यानं त्या एका कामासाठी राखून ठेवला होता म्हटलं तरी चालेल. फेकायचा तो बेतानंच, फार लांब जायचा नाही. पण उजव्या हातानं.

आता हॉस्पिटलचं सांगतो, कारण माझा राग खरा तिथला आहे.

हिवाळ्याचे दिवस होते. बोट ओढायला सगळे लागले होते आणि दामू मधेच दोर सोडून वाळूत बसला. घामानं भिजलेला. म्हणाला, गॅस झालाय. सोडा प्यायला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा सोडा. मी म्हटलं, तांडेल, इंजिन असं धापा टाकायला लागलं तर मी ते खोलून बघतो, त्याला सोडा पाजत नाही. म्हणाला, "मंग तू इंजिनाचं बघ." तिसऱ्या वेळी हिराबाय त्याच्याशी बोलत बसलीच नाही. तिनं रिक्षा बोलावली, त्याला मधे बसवलं, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी, आणि पाम गावाच्या रस्त्यानं आम्ही बोईसर गाठलं. रस्ताभर त्यानं रिक्षावाल्याला वळणं शिकवली.

बोईसरला कारखान्यांच्या पलीकडं नवं हॉस्पिटल झालंय. तिथं तपासणाऱ्या पहिल्या पोरसवद्या डॉक्टरनं विचारलं, आजोबा, कुठं दुखतं? दामू म्हणाला, "तुमाला कुठं वाटतं?" मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

जांघेतून नळी घालून हृदयाचे फोटो काढले. हृदयाच्या दोन नळ्या भरलेल्या निघाल्या. आपरेशन करायचं ठरलं. करणार होत्या एक बाई. तरुण, बारीक, केस मागं घट्ट बांधलेल्या, बोलायला शांत. त्यांनी कागदावर हृदय काढून समजावलं. नळी जिथं भरली आहे तिथं ती साफ करायची नाही, तर तिच्या पुढं दुसरी नळी जोडून रक्ताला वळसा घालून न्यायचं. ही दुसरी नळी बाहेरून येत नाही, आपल्याच अंगातून काढतात. बऱ्याच लोकांना ती पायातून काढतात. पण पायातली शीर रक्त सावकाश वर आणणारी असते, तिला जोराच्या धक्क्याची सवय नसते. हृदयातून जोरानं निघालेलं रक्त वाहून नेते ती धमनी. धमनीला धमनी जोडली तर जास्त वर्षं टिकते. म्हणून एक धमनी छातीच्या आतून घेणार. ती फासळ्यांच्या मागं असते, आणि ती काढली तरी छातीचं अडत नाही.

दामू हे सगळं फार लक्ष देऊन ऐकत होता. मधेच म्हणाला, "जाड दोऱ्याच्या जाळ्याला बारीक दोऱ्याचं ठिगळ लावलं तर पयलं ठिगळच फाटतं." बाई म्हणाल्या, तसंच समजा. त्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की जणू आपरेशन तोच करणार आहे.

दुसरी नळी कुठून घ्यायची, तिथं घोडं अडलं. पाय बघितले तर त्याच्या पोटऱ्यांवर जन्मभर बोटीत उभं राहून शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, गाठी झालेल्या. त्या काही कामाच्या नव्हत्या. छातीत आणखी एक धमनी असते, पण त्याला साखर. दोन्ही काढल्या तर छातीचं हाड भरून यायला त्रास होईल, म्हणून बाईंना एकच घ्यायची होती. राहिला हात. मनगटापासून कोपरापर्यंत दोन धमन्या असतात, अंगठ्याच्या बाजूची काढली तरी करंगळीच्या बाजूची सगळ्या हाताला रक्त पुरवते. पुरवते का, हे बघायला बाईंनी त्याला मूठ आवळायला सांगितली, मनगटावर दोन्ही बाजूंनी दाबलं, मूठ उघडायला लावली. तळवा खोबऱ्यासारखा पांढरा पडला होता. मग करंगळीच्या बाजूला दाबलेलं आपलं बोट उचललं, तसा तळवा भरभर लाल झाला. दोन्ही हात असेच बघितले. दोन्ही चांगले निघाले.

मग बाईंनी सांगितलं, की हात निकामी होत नाही, पण जिथून धमनी काढतो त्या बाजूला अंगठ्याला काही महिने बधिरपणा राहू शकतो, कुणाला तो जास्त दिवसही राहतो. म्हणून जो हात कमी लागतो, त्यातून घेऊ. तुम्हाला जास्त कुठला हात लागतो?

"उजवा," दामू म्हणाला.

मी त्या वेळी औषधं आणायला खाली गेलो होतो. वर आलो तेव्हा त्याच्या डाव्या हाताला पांढरी पट्टी चिकटवलेली आणि तिच्यावर निळ्या शाईनं लिहिलेलं, की या हाताला सुई टोचू नये. मी अक्षर लावून वाचलं. रेखाला विचारलं, हे काय? तिनं मान खाली घातली. तिला माहीत होतं. बापापुढं बोलायची तिची हिंमत झाली नव्हती.

आता जाळं विणणाऱ्या माणसाचा अंगठा म्हणजे काय, हे मी सांगायला पाहिजे असं नाही. दोरा ताणला की अंगठ्याखाली दाबून धरायचा, गाठ बसते का सरकते ते अंगठ्यालाच कळतं, डोळ्याला नाही. दामूची बोट तोवर मुलाच्या हाती गेली होती, समुद्रावर जाणं त्याचं सुटलं होतं. दिवसभर ओटीवर बसून तो जाळं विणायचा, तेवढंच त्याचं जगणं उरलं होतं. आणि हा शहाणा तोच अंगठा देऊन मोकळा झाला होता.

मी त्याला म्हटलं, तांडेल, तू बाईला खोटं सांगितलंस. म्हणाला, "तू आपरेशन करणार काय?" मी म्हटलं, मी बाईला सांगणार. म्हणाला, "सांग. तुज्यावर इस्वास कोण ठेवील?"

संध्याकाळी बाई फेरीला आल्या तेव्हा मी उभा राहून सांगितलं, की हा माणूस डावरा आहे. दामू शांतपणे म्हणाला, "बाई, ह्याचं मनावर घेऊ नका. इंजिनाच्या धुरानं ह्याचं डोकं गेलंय." वॉर्डातले लोक हसले. मला असा संताप आला, की माझ्या खिशात नेहमी जाळ्याच्या दोऱ्याचा तुकडा असतो तो काढून मी खाटेवर टाकला. म्हटलं, बांध. खाटेच्या दांड्याला गाठ बांधून दाखव. बाईंनी हाताची घडी घातली आणि बघत राहिल्या.

दामूनं दोरा उचलला. उजव्या हातात धरला. माझ्या डोळ्यांत बघत बघत त्यानं दांड्याला गाठ बांधली. उभ्या आयुष्यात मी त्याच्या हातची वाईट गाठ बघितली नव्हती, ती त्या दिवशी बघितली. ढिली, वाकडी, बुटाच्या नाडीला लहान पोरं बांधतात तशी. "झालं?" तो म्हणाला.

बाई मला म्हणाल्या, काका, ते सांगतायत ना. आणि त्या शेजारच्या खाटेकडं वळल्या. तिथं कारखान्यातला एक बिहारी कामगार होता, छातीला टाके घातलेला. त्याला तपासत होत्या. मी माझ्या स्टुलावर येऊन बसलो. दामूशी बोलायचं नाही असं ठरवलं, म्हणून त्याच्याकडं बघत राहिलो.

तो छताकडं बघत होता. मग खिडकीकडं. मग त्याची नजर दांड्यावर गेली. तिथं ती गाठ लोंबत होती. त्यानं नजर काढली. पुन्हा तिथंच गेली. मी सांगतो, मला तेव्हाच कळलं होतं. त्याला छातीतलं दुखणं सहन झालं असतं, पण ती गाठ समोर ठेवून त्याला झोप आली नसती. उजवा हात तसाच छातीवर ठेवून त्याचा डावा हात आपोआप चादरीखालून निघाला. ढिली गाठ एका बोटानं सोडवली, दोरा फिरवला, अंगठ्याखाली धरला, ओढला. नीट, घट्ट, शेपटी त्या बाजूला.

"मैडम," शेजारचा कामगार म्हणाला, "चाचा तो लेफ्टी है."

दामूनं दचकून हात मागं घेतला. "तुला कोणी इचारलं रे?" तो मराठीतच म्हणाला. पण बाई वळल्या होत्या. त्यांनी दांड्याजवळ येऊन गाठीला हात लावून बघितला. मग खुर्ची ओढून बसल्या.

"काका, मला खोटं का सांगितलं?"

"खोटं कुटं? मला उजवाच लागतो. डावा काय, आपोआप चालतो."

"उजवा कशाला लागतो?"

दामू उजव्या तळव्याकडं बघत म्हणाला, "नारळ सोडायला."

बाईंना काही कळलं नाही. रेखानं सांगितलं, रडत रडत, सगळं. चिंधीनं बांधलेल्या हातापासून ते दगडांपर्यंत. त्यातलं मलाही थोडं नवीन होतं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, उजव्यातून घेऊ, काका. धमनी तितकीच चांगली आहे. यावर दामूनं उजवा हात उचलून पाठीमागं घातला आणि म्हणाला, ह्या हाताला सुरी लावायची नाही. डावा पाहिजे तर मुळापासून काढा. त्या हातानं मला जन्मभर ऐकून घ्यायला लावलंय.

बाई म्हणाल्या, सकाळपर्यंत विचार करा, पण सकाळच्या पुढं मी थांबू शकत नाही. आणि गेल्या. दामूनं माझ्याकडं पाठ केली. मी म्हटलं, तांडेल, पाणी पाहिजे का? उत्तर नाही. "मंग?" सुद्धा नाही. तेव्हा मला कळलं, की माझ्याशी बोलणं बंद झालंय.

हिराबाय जेवणाचा डबा घेऊन आली. तिला रेखानं सांगितलं. हिराबाय पालघरच्या बाजारात जन्मभर सुकी मासळी विकत आलेली बाई, आवाज सगळ्या वॉर्डाला पुरणारा. पण ती हळू बोलली. ती म्हणाली, "पुनव वर्षातून एकदा येते. बाकीचे दिवस मी तुजं तोंड बघायचं, रिकामा बसलेल्याचं. मला इचारलंस?" मग डबा उघडून त्याच्या पुढं ठेवला आणि मला म्हणाली, "ह्याला हात दोन हायेत भाऊजी. डोकं एक पण नाय."

तो जेवला. उजव्या हातानं.

सकाळी केस काढायला माणूस आला तेव्हा दामूनं उजवा हात पुढं केला. डावा उशीखाली घालून ठेवला होता, कुणी चुकून धरू नये म्हणून. पट्टी बदलली. नेताना त्यानं रेखाच्या डोक्यावर हात ठेवला, हिराबायला घराची किल्ली कुठं आहे ते सांगितलं. मी दाराशीच उभा होतो. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही. आत काही झालं असतं तर माझ्याशी शेवटचं न बोलता गेला असता हा माणूस. आणि हे काय म्हणून? तर मी त्याचा अंगठा वाचवला म्हणून.

आपरेशन चांगलं झालं. त्याला शुद्ध येत होती तेव्हा काचेच्या खोलीतली नर्स धावत बाहेर आली, की पेशंटच्या हाताला झटके येतायत. रेखा आत गेली आणि बघून परत आली. म्हणाली, झटके नाहीत हो. चादरीवर डावा हात जाळं विणतोय.

घरी आल्यावरही माझ्याशी अबोला. पायरी चढायची नाही, वजन उचलायचं नाही, असं सगळं सांगितलेलं होतं, ते तो पाळतो की नाही हे बघायला मी रोज त्याच्या ओटीवर जाऊन बसायचो. त्यानं बोलायचं नाही, मी उठायचं नाही. मनगटापासून कोपरापर्यंत उजव्या हातावर लांब वण होता. अंगठ्याला चिमटा काढला तर त्याला कळायचं नाही. मी तो काढून बघितला आहे.

नारळी पुनव आली तेव्हा गावात कुजबुज सुरू होतीच. तांडेलाच्या हाताला आपरेशन झालंय, दुसऱ्या कुणाला मान द्या. दोन-चार तरणे तांडेल तयार होते. दामू सकाळीच पांढरा सदरा घालून खाडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. सगळं गाव मागं. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्याच्या उजव्या हातात दिला. मी जवळच होतो, मला दिसत होतं. अंगठा नारळावर टेकला होता, पण धरत नव्हता. नारळ घसरायला लागला. त्यानं दुसऱ्यांदा धरला. पुन्हा घसरला. ढोलवाले थांबले.

मग त्यानं मागं वळून गावाकडं बघितलं. सगळ्यांकडं. फार सावकाश बघितलं. मला वाटतं त्यात नळावरच्या, बर्फाच्या कारखान्यावरच्या, जिवंत आणि मेलेल्या सगळ्यांचा हिशेब होता. मग त्यानं नारळ डाव्या हातात घेतला आणि फेकला. तो इतक्या लांब गेला की पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, फक्त पाणी उडालेलं दिसलं. मी त्याला इतकी वर्षं बेतानं फेकताना बघत आलो होतो, आणि हात असला होता. माझा संताप झाला. एवढी वर्षं काय वाया घालवली या माणसानं.

ढोल सुरू झाले. त्या हंगामात मासळी कशी आली, हे मला कुणी विचारू नका. आली तशी आली.

त्यानंतर तो बरीच वर्षं जगला. हृदयानं त्याला शेवटपर्यंत त्रास दिला नाही, तो गेला तापानं, पावसाळ्यात. आदल्या आठवड्यातली गोष्ट आहे. मी रोजच्यासारखा ओटीवर गेलो. तो मुलाचं जाळं दुरुस्त करत होता, थकलेला दिसत होता, सुई सावकाश चालत होती. मला राहवलं नाही. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला एक भोक होतं, तिथं मी बसलो आणि विणायला लागलो. त्यानं बघितलं आणि सुई चालवत राहिला. अबोला तोवर सुटला होता, पण तो फक्त वाऱ्याबद्दल आणि भरतीबद्दल बोलायचा.

माझं झाल्यावर तो सरकत सरकत माझ्या बाजूला आला. कमरेचा चाकू काढला. मला माहीतच होतं. एक गाठ कापली, दुसरी कापली, तिसरी कापली, डाव्या हातानं त्यांच्या जागी स्वतःच्या बांधत गेला. उजव्या हातानं नुसतं जाळं ताणून धरलं होतं, त्यावरचा वण पांढरा पडला होता. शेवटच्या गाठीशी आला. चाकू तिच्यावर ठेवला. बघत बसला.

मग चाकू मिटून त्यानं कमरेला खोचला.

"ही राहिली," मी म्हटलं.

"मंग?" दामू म्हणाला, आणि सुई डाव्या हातात घेऊन जाळ्याचं पुढचं घर विणायला लागला.